धनकुंवरकाकींनी सुचवलेल्या मालिका

धनकुंवरकाकी माणूस बघून खून सुचवतात.

सासूशी न पटणाऱ्या सुनेला त्या पोस्टमास्तरीणबाईची मालिका सांगतात. ती बाई निवृत्त झालेली आहे, पण गावातल्या प्रत्येकाचं अक्षर ओळखते. ज्याला झोप लागत नाही त्याला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दोन भावांची. "फार सावकाश आहे," त्या सांगतात. "पहिल्या भागात मेलेल्याला तिसऱ्या भागापर्यंत पुरतही नाहीत." घाबरट माणसाला जाड्या हवालदाराची. त्यात एकदा तर खून झालेलाच नसतो. माणूस बोटीत झोपलेला असतो.

मला त्यांनी नदीकाठच्या वाचनालयाची सांगितली. "तू शिकलेली. तुला आजूबाजूला पुस्तकं लागतील."

या सगळ्या मालिका इंग्लंडातल्या खेड्यांतल्या. हिरवी कुरणं, दगडी घरं, चर्चची घंटा, प्रत्येक घरात चहा. काही हिंदीत बोलतात. काहींना खाली हिंदी अक्षरं येतात. काकी हिंदी झरझर वाचतात.

मी दोंडाईच्यात त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. धुळ्याला मराठी घेऊन एम.ए. केलं. आता एका खाजगी क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवते. खोली बघायला आले तेव्हा काकींनी मला दोनच गोष्टी विचारल्या. खोलीत कांदा-लसूण शिजवणार का? टीव्ही बघतेस का?

पहिल्याला मी नाही म्हटलं. दुसऱ्याला हो.

"मग संध्याकाळी खाली येत जा," त्या म्हणाल्या.

काकी सत्तरीच्या पुढच्या आहेत. बारीक. डोक्यावरचा पदर कधी ढळत नाही. खुर्चीच्या अगदी कडेला बसतात. पाठ टेकत नाहीत. घराच्या पुढच्या बाजूला साड्यांचं दुकान होतं. आता शटर बंद असतं. दुकान भंवरलालशेठचं, म्हणजे काकींच्या नवऱ्याचं. ते चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा अर्पित पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सून जिनलही नोकरी करते. वडील गेल्यावर अर्पितने आईला मोठा टीव्ही आणून दिला, त्यात सगळं सुरू करून दिलं आणि पुण्याला परत गेला. काकींनी आधी प्रवचनं बघितली. मग स्वयंपाकाचे कार्यक्रम. मग एक दिवस चुकून पोस्टमास्तरीणबाई लागली.

शेजारी सुंदरबाई राहतात. शेतकरी घरच्या, मोठ्या आवाजाच्या. गच्चीवर मिरच्या वाळत घालताना मध्येच खाली अहिराणीत ओरडतात.

"काय वं धनकुंवरबाई, आज कोन मरनं?"

"अजून कुणी नाही. आत्ताच लावलंय."

"बठ्ठं गाव मरी जाई तुन्हा टीव्हीमा एक दिन. तुम्ही जैन लोके मुंगी मारतस नही, नि खून देखतस!"

"मारताना दाखवत नाहीत," काकी शांतपणे सांगतात. "मेलेला सापडतो. मग बाकीचे विचारत फिरतात. सुंदरबाई, तुम्ही ती घड्याळवाल्यांची बघा. तुम्हाला आवडेल."

"मन्हा घरमा म्हातारा शे. तोच मन्हा जीव खास. मी कसाले देखू?"

सुंदरबाई हसतात. काकीही हसतात. पण सुंदरबाई येत नाहीत. कुणीच येत नाही. काकी जैन स्थानकात प्रवचनाला भेटणाऱ्या बायकांना सांगतात, दूधवाल्याला सांगतात, मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगतात. सगळे मान हलवतात. एकदा त्यांनी औषधाच्या दुकानात एका अनोळखी बाईला जाड्या हवालदाराची मालिका सांगितली. बाईने गोळ्या घेतल्या आणि निघून गेली. काकी काउंटरला हात टेकून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पुढच्या वेळी कुणी भेटलं की त्या आधी हेच विचारतात, "बघितली का?" समोरचा म्हणतो, वेळच नाही मिळाला. "हो, बरोबर आहे," काकी म्हणतात. मग विषय बदलतो.

मला सुरुवातीला हे गमतीचं वाटलं. मग वाईट वाटलं. एवढा आग्रह कशासाठी, ते मला कळत नव्हतं.

भंवरलालशेठ कसे गेले, ते मला सुंदरबाईंनी सांगितलं. पाण्याची मोटर बंद पडली होती आणि आम्ही दोघी हौदाशी उभ्या होतो. सुंदरबाईंनी आवाज खाली आणला. तसा त्यांचा आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता.

"शेठ सुरतले जास सांगी निंघना. नि मरना कोठे, तर चाळीसगावले. स्टेशनना बाकवर. आते तूच सांग, तठे काय व्हतं त्याचं?"

दोंडाईच्याहून सुरतेची गाडी सरळ पश्चिमेला जाते. चाळीसगाव दुसऱ्या दिशेला. आधी धुळं गाठायचं, तिथून पुढे. चुकून कुणी तिकडे पोचत नाही.

"कोनी बाई व्हई," सुंदरबाई म्हणाल्या. "दुसरं काय? पन धनकुंवरबाईले कोन इचारी? आम्ही बठ्ठा दारावर जाई उनूत. कोनी तोंडातून शब्द नही काढा."

मयत झालेल्या घरी बसायला जातात, त्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. तिथे फार बोलायचं नसतं. बायका आत बसतात, पुरुष बाहेर. कसं झालं, हे एकदा विचारतात. घरातलं कुणीतरी सांगतं. पण जिथे सांगण्यात अडचण असेल, तिथे तेही विचारत नाहीत. ती माणुसकी समजली जाते. काकींच्या घरी सगळं गाव त्या माणुसकीने वागलं.

त्या संध्याकाळी आम्ही वाचनालयाची मालिका बघत होतो. एक माळी मेला होता. एक पोलीस बाई माळ्याच्या बायकोसमोर बसली होती. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, तुमचे पती त्या दिवशी तिकडे कशाला गेले होते?

काकींनी मालिका थांबवली. पडद्यावर माळ्याची बायको तोंड अर्धवट उघडून बसून राहिली.

"बघ," काकी म्हणाल्या. "कसं सरळ विचारलं."

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

"इथे गाव येऊन गेलं. कापसाचं बोलले. पावसाचं बोलले. माझ्या नणंदेच्या गुडघ्यांचं बोलले. एकाने विचारलं नाही. ज्याला त्याला मनातल्या मनात ठाऊक होतं."

मग मला कळलं. एवढ्या मालिका त्या कशासाठी सुचवत होत्या, ते कळलं. बघणाऱ्याला विचारायची सवय लागेल, असं त्यांना वाटत होतं. कुणीतरी एक बघेल, आणि बघता बघता त्यांच्याकडे वळेल, आणि विचारेल.

"काकी," मी म्हटलं, "मी विचारू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू नको. तू चांगली आहेस. पण उद्या तू खोली सोडून जाशील. घरच्याने विचारायला हवं. मी आपणहून सांगितलं तर लोक म्हणतील, बाई नवऱ्याची बाजू सावरते. विचारलं तर ते उत्तर होतं."

"अर्पितनेही नाही विचारलं?"

"त्यानेच तर आणलं त्यांना तिथून. नाही विचारलं."

मालिका त्यांनी पुढे लावली नाही. मी वर आले.

अर्पित होळीच्या आधी आला. दुकान भाड्याने द्यायचं ठरत होतं, मोबाइलवाल्याला. दोन दिवस तो शटर वर करून आत साफसफाई करून घेत होता. पस्तिशीचा, पाठीत किंचित वाकलेला, फार नम्र. मला मेघा मॅडम म्हणायचा. आईशी बोलताना आवाज कायम मऊ. मम्मी, गोळी घेतली? मम्मी, पंखा कमी करू?

काकींनी त्याच्यासाठी मालिका निवडून ठेवली होती. वाचनालयाचीच. भागही तोच, माळ्याचा. मला त्यांनी सकाळीच सांगितलं, "आज संध्याकाळी तूही ये." त्यांनी नवी साडी काढली होती. दुपारी त्या दोनदा खुर्च्यांच्या जागा बदलताना दिसल्या.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. अर्पित फोनवर बोटं फिरवत मधूनच वर बघत होता.

"मम्मी, हे तू रोज बघतेस?"

"रोज नाही. तू नीट बघ. यात तो माळी कसा गेला, ते हळूहळू कळतं."

"तूच सांग ना शेवटी कोण असतं."

"सांगून काय मजा?"

पोलीस बाई आली. बसली. कप खाली ठेवला. तुमचे पती त्या दिवशी तिकडे कशाला गेले होते?

अर्पितचं फोनवरचं बोट थांबलं. त्याने रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"बोअर आहे हे," तो म्हणाला. "मम्मी, जरा बाहेर चक्कर मारून येऊ या का? दिवसभर घरातच असतेस."

काकी काळ्या पडद्याकडे बघत होत्या. खुर्चीच्या कडेवर, पाठ ताठ.

"तू जाऊन ये," त्या म्हणाल्या. "माझे पाय दुखतात." आणि आत गेल्या.

मी अर्पितच्या मागोमाग दुकानात गेले. शटर अर्धं उघडं होतं. रिकाम्या फळ्यांवर साड्यांच्या घड्यांच्या चौकोनी खुणा होत्या. तो तिथेच उभा होता.

"का बंद केलं?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही, मॅडम. आमच्या घरात एक गोष्ट झालीय."

"चाळीसगावची?"

तो दचकला. मग हसला, वाईट. "म्हणजे भाडेकरूंनाही माहीत आहे. मम्मीला तेवढं कळू नये म्हणून मी इतकी वर्षं..."

"काय कळू नये?"

"अहो, मी पप्पांना आणायला गेलो होतो. रेल्वेचे पोलीस म्हणाले, हे शेठ नेहमी यायचे इकडे. नेहमी! आम्हाला सांगायचे सुरत. मी पुढे ऐकूनच घेतलं नाही. सही केली आणि निघालो. काय ऐकायचं होतं? कुणाचं घर, कुणाचं नाव?" त्याने फळीवरून हात फिरवला. "मम्मी साधी आहे. तिने कधी विषय काढला नाही. मी पण नाही काढला. जिनललासुद्धा सांगितलं नाही."

घरच्याने विचारायला हवं, या शब्दांनी काकींनी मला बांधून घातलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं, पण एवढं माहीत होतं की त्यांच्याकडे उत्तर आहे.

"तो भाग पूर्ण बघा," मी म्हटलं.

"काय?"

"माळ्याचा. काकींबरोबर. मी सुचवते म्हणून बघा."

मी काय बोलतेय ते त्याला वेडेपणाचं वाटलं असणार. मला साहित्य शिकवताना वाक्य कसं बांधायचं ते शिकवलं होतं. माझ्या तोंडून एवढंच वाक्य आलं.

मी वर गेले नाही. ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने शटर खाली आल्याचा आवाज झाला. मग आतून टीव्हीचा आवाज आला. चर्चची घंटा. काकींनी आतून हाक मारली, "मेघा, आत ये. डास आहेत."

त्या परत खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. अर्पित या वेळी त्यांच्या शेजारी खाली, गादीवर होता. पोलीस बाईने पुन्हा कप खाली ठेवला. पुन्हा विचारलं. माळ्याची बायको बोलायला लागली. खाली हिंदी अक्षरं धावत होती. ती काय म्हणाली ते आमच्यापैकी कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

अर्पितने मान वळवली नाही. पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "मम्मी, पप्पा चाळीसगावला कशाला गेले होते?"

काकींनी पदर सारखा केला. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकवली.

"बसायला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बसायलाच. ते गेल्यावर सहा-सात महिन्यांनी मी पारोळ्याला माहेरी जाते म्हणून निघाले. चाळीसगावला गेले. त्यांचा फोटो घेऊन. फलाटावर चहावाला आहे, तोताराम नावाचा. त्याने लगेच ओळखलं. म्हणाला, शेठ महिन्या-दोन महिन्याला यायचे. सकाळी यायचे, संध्याकाळी जायचे. बाकावर बसायचे."

"कुणाबरोबर?"

"ज्याची गाडी यायची असेल त्याच्याबरोबर. बाजूला माणूस येऊन बसला की विचारायचे, कुठे चाललात? माणूस सांगायचा. मुलीकडे, दवाखान्यात, मुंबईला कामाला. शेठ सगळं ऐकून घ्यायचे. आपलंही सांगायचे. गाडी आली की त्याची पिशवी उचलून द्यायचे. मग दुसरा येऊन बसायचा. तोताराम म्हणाला, आम्हाला वाटायचं शेठना खूप माणसं आहेत."

टीव्हीवर कुणीतरी दार वाजवत होतं. अर्पितने आवाज बंद केला.

"आणि सुरतेचा माल?"

"फोनवर सांगायचे. ट्रान्सपोर्टने यायचा. तू कधी विचार केलास? मी पण नाही केला."

"म्हणजे बाई वगैरे..."

"कोण बाई, अर्पित?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी विचारलंच नाही त्या पोलिसांना. ते सांगत होते. मम्मी, ते सांगत होते मला." काकी त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला, पण तो त्याच्या डोक्यापर्यंत पोचला नाही. खुर्चीच्या हातावरच राहिला.

सुंदरबाईंच्या गच्चीवरून कुणीतरी बादली ओढल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने अर्पित म्हणाला, "पण घरी का नाही बसले? तू होतीस की घरी. तुझ्याशी बोलले असते."

मला वाटलं, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार असेल. इतकी वर्षं त्या प्रश्नाची वाट बघत होत्या. पण हा प्रश्न त्यांच्या मनातच आला नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आमच्याकडे निघालेल्या माणसाला टोकत नाहीत," त्या हळूहळू म्हणाल्या. "कुठे चाललात म्हटलं की काम बिघडतं. माझ्या सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. ते निघायचे, मी दारापर्यंत जायचे. आले की पाणी द्यायचे. जाताना विचारायचं नाही, हे बरोबर होतं. आल्यावर विचारायला काही हरकत नव्हती. ते मी कधी विचारलं नाही."

मालिका आपली चालत राहिली, आवाजाशिवाय. माळ्याला कुणी मारलं ते पडद्यावर उघड होत असावं. एक माणूस मान खाली घालून उभा होता आणि सगळं गाव त्याच्याभोवती.

मी उठले. कुणाच्या लक्षात आलं नाही. जिन्यावर बसले. काकींना नवऱ्याचं नाव परत मिळवायचं होतं, ते मिळालं होतं. आणि त्या खोलीत आता दोघं होती, पण दोन वेगवेगळ्या बाकांवर असावीत तशी.

दुसऱ्या दिवशी अर्पित निघाला. नेहमी तो रात्रीच्या लक्झरीने थेट पुण्याला जातो. या वेळी सकाळीच धुळ्याची एसटी धरली. काकी दारापर्यंत गेल्या. टोकलं नाही. तो वाकून पाया पडला, बॅग उचलली.

मी क्लास संपवून दुपारी आले तेव्हा त्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. टीव्ही बंद होता.

"सकाळी का गेला असेल?" त्यांनी मला विचारलं. "लक्झरीचं तिकीट तर काढलं होतं."

मला अंदाज होता. पुण्याची गाडी चाळीसगावहूनही मिळते. मी तो सांगितला नाही.

"त्याला विचारा ना, काकी."

त्यांनी फोन घेतला. चष्मा लावला. नाव शोधायला वेळ लागला. रिंग वाजत राहिली, तशा त्या पुन्हा खुर्चीच्या कडेला सरकल्या. त्याने उचलला. पलीकडून गर्दीचा आवाज आला, आणि बाईच्या आवाजात कुठल्यातरी गाडीची घोषणा. काकी ती संपेपर्यंत थांबल्या.

"अर्पित," त्या म्हणाल्या. "कुठे बसलायस?"